वरची फळी

भोंग्याला खरं नाव होतं, पण गावात ते फक्त त्याच्या पगारपत्रकाला माहीत होतं. बंदराच्या कचेरीत तो कारकून. कचेरीतून काही सूचना निघाली की खांद्याला कर्णा अडकवून ती गल्लोगल्ली ओरडत फिरायचं काम त्याच्या गळ्यात, म्हणून तो भोंगा. सोळा वर्षांपूर्वी बदली होऊन इथं आला, तलावाच्या दारावरच्या बाईंची मुलगी त्याला आवडली, लग्न झालं, आणि तेव्हापासून तो गावचा जावईही झाला. जावई म्हणून मान होता. भोंगा म्हणून काडीची किंमत नव्हती.

त्यात त्या बिचाऱ्याचा दोष काय? गेल्या वर्षभरात कचेरीनं त्याला तीनदा वादळ ओरडायला लावलं. तिन्ही वेळा लोकांनी होड्या वर ओढल्या, छपरांवर दगड ठेवले, खिडक्यांना फळ्या ठोकल्या. आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी असं ऊन पडलं, की बायकांनी वाळवणं घातली. तिसऱ्या वेळी तो रस्त्यानं जाताना कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मान खाली घालून तो घरी गेला आणि त्या दिवशी जेवला नाही.

म्हणून त्या मंगळवारी सकाळी साहेबांनी हातात कागद ठेवला, तेव्हा त्यानं आधी त्यात वादळ हा शब्द आहे का ते पाहिलं. तेल वाहून नेणारं जहाज वर कुठंतरी खडकावर आदळलं होतं. तेल गळत होतं, वारा किनाऱ्याकडे होता. उद्यापर्यंत तवंग इथं लागेल, होड्या आणि जाळी वर घ्या, तलावाचं दार बंद करा आणि पुढचा हुकूम येईपर्यंत उघडू नका.

चहाच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर नेहमीची मंडळी बसली होती. मधोमध कॅप्टन. हा गृहस्थ जन्मात कधी जहाजावर चढला नव्हता, धक्क्यावर उभा राहून पलीकडे जाणाऱ्या बोटीची तिकिटं फाडायचा. पण टोपी होती, आवाज होता, आणि समुद्राबद्दल शेवटचा शब्द आपलाच असतो अशी त्याची खात्री होती. त्यानं पूर्ण सूचना ऐकून घेतली.

"भोंग्या, इकडे ये. या गावातलं काही समुद्रात पडलं तर कुठं जातं?"

"पलीकडे," भोंगा म्हणाला. ते तर शेंबड्या पोरालाही माहीत होतं. डोंगराचं टोक समुद्रात घुसलं होतं तिथून पाण्याची एक ओढ जायची आणि गावाचं जे काही पाण्यात पडेल ते टोकापलीकडच्या वाळूवर नेऊन टाकायची. रविवारी लोक तिकडे आपापल्या हरवलेल्या वस्तू शोधायला जायचे आणि सोबत डबाही न्यायचे.

"माझी डावी चप्पल कुठं सापडली?"

"पलीकडे."

"सुताराच्या सासऱ्याची कवळी?"

"पलीकडे."

"मग त्या तेलाला काय आपला पत्ता लिहून दिलाय कोणी?"

कट्टा खदखदून हसला. सुतार तर चहा सांडेपर्यंत हसला, कारण कवळी त्याच्या घरचीच होती. भोंगाही हसला. करणार काय? जहाज, तेल, वारा यांतलं काहीही त्यानं स्वतः पाहिलेलं नव्हतं. त्याच्याकडे फक्त कागद होता, आणि कागदाची पत तीन वादळांनी घालवली होती.

उरलेल्या गल्ल्यांत ओरडून झाल्यावर तो खाडीकाठच्या वाटेनं सासूबाईंकडे निघाला. तिथं जाताना त्याची पावलं नेहमीच थोडी रेंगाळायची. सासूबाई रागीट नव्हत्या, पण खोटं, अर्धवट आणि उगाचचं बोलणं त्यांना खपत नसे, आणि आपल्या बोलण्यातलं नेमकं किती या तिन्हींत मोडतं याचा भोंग्याला कधी अंदाज येत नसे.

गाव त्यांना मावशी म्हणायचं. वय चौसष्ट. मच्छीमारांच्या सोसायटीच्या तलावाचं दार त्या एकतीस वर्षं सांभाळत होत्या. तलाव म्हणजे खाडीच्या कडेला दगडी बांध घालून अडवलेलं खारं पाणी. बांधात एकच फट, तेच दार. दोन्ही बाजूंच्या दगडांत उभ्या खाचा, आणि त्या खाचांत एकावर एक आडव्या बसवलेल्या अकरा जाड फळ्या. भरती आली की वरची एक फळी काढायची, ताजं पाणी आत पडू द्यायचं, आणि ओहोटी लागायच्या आत फळी परत बसवून वर पाचर ठोकायची. दिवसातून दोनदा. शेजारच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, सोसायटीचा फोन, भिंतीवर घड्याळ आणि त्यांच्या हातचं भरतीचं वेळापत्रक.

आणि तलावात पिल्लांसाठी राखलेल्या बावीस माद्या. एकोणीस वर्षांपूर्वी रोग येऊन किनाऱ्यावरचे बोई मासे साफ झाले होते, तेव्हा या तलावात सहा उरल्या होत्या. त्या सहांच्या सावरून सावरून त्यांनी बावीस केल्या. हाताएवढ्या लांब, जाडजूड, चाळीस मैलांवरचे मासेवाले आपल्या पिंजऱ्यांत सोडायला पिल्लं न्यायचे ती यांचीच. या बावीस गेल्या असत्या तर पुढच्या हंगामात सगळ्या किनाऱ्यावरचे पिंजरे रिकामे राहिले असते, आणि कट्ट्यावर हसणाऱ्यांच्या घरांतल्या निम्म्या चुलीही विझल्या असत्या. सासूबाईंना त्या एकेक ओळखू यायच्या. ही पाठीवर डाग असलेली, ही हावरट, ही म्हातारी. भोंग्याला सोळा वर्षांत एक म्हातारी तेवढी ओळखता येऊ लागली होती, आणि याचाही त्याला अभिमान होता.

त्यानं सूचना वाचून दाखवली. कर्ण्यातून नाही, साध्या आवाजात. सासूबाई हसल्या नाहीत.

"कॅप्टन काय म्हणतो?"

"म्हणतो, पलीकडे जाईल."

"हं." त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा एका हातात अर्धी पाण्यानं भरलेली बाटली होती आणि दुसऱ्या हातात शेंगांच्या टरफलांची पिशवी. "चला जावईबापू."

धक्क्याच्या टोकाशी जाऊन त्यांनी दोन्ही पाण्यात टाकलं. बाटली मानेपर्यंत बुडाली आणि हलत डुलत निघाली, सरळ डोंगराच्या टोकाकडे, कॅप्टनच्या चपलेच्या वाटेनं. टरफलं पाण्यावर पसरली. थोडा वेळ ती तिथंच घुटमळली. मग वाऱ्यानं त्यांना हळूहळू उलट्या दिशेला ढकललं, खाडीच्या तोंडाकडे. दोघं काठाकाठानं त्यांच्यासोबत चालत राहिले. पाऊण तासानं पहिली टरफलं तलावाच्या दाराच्या फळीला येऊन चिकटली.

"बुडलेल्या वस्तूला पाणी नेतं," सासूबाई म्हणाल्या. "वर पसरलेल्याला वारा नेतो. तेल कोण आहे, बाटली की टरफल?"

"टरफल," भोंगा म्हणाला. कचेरीच्या चार पानी कागदात जे त्याला कळलं नव्हतं ते या बाईनं मूठभर टरफलांत दाखवलं होतं. अशा बाईच्या घरचा आपण जावई, या विचारानं त्याची छाती दोन इंच फुगली.

त्या दिवशीच्या भरतीला त्यांनी वरची फळी काढलीच नाही, वर आणखी एक जोडफळी टाकली आणि दोन्ही बाजूंनी पाचर ठोकली. "केलं बंद. तुमच्या शब्दावर हं."

या गावात त्याच्या शब्दावर कोणी काही करण्याची ती पहिलीच वेळ. घरी जाऊन त्यानं बायकोला ते दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागला तेव्हा ती म्हणाली, "अहो, कळलं. कर्णा आणू का?"

बुधवारी सकाळी तो आणि बायको तलावावर गेले ते जवळजवळ धावतच, कारण वाटेवरूनच सासूबाई दिसत होत्या. त्या बादलीनं तलावातलं पाणी उपसून उंचावरून परत तलावात ओतत होत्या. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात भिजलेले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून हा खटाटोप. वरून ऊन तापत होतं, दोन भरत्यांचं पाणी आत आलेलं नव्हतं, आणि माद्या वर येऊन तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होत्या. बावीसच्या बावीस. त्यांचा चुकचुक असा बारीक आवाज येत होता. भोंग्याला तो ऐकवेना.

बायकोनं दुसरी बादली घेतली. भोंग्यानं खोलीतल्या फोनवरून साहेबांना गाठलं.

"दार उघडायचं नाही," साहेब म्हणाले. "लेखी हुकूम आहे. उद्या दुपारी माणसं येतील, तवंग अडवायला पाण्यावर पट्टे टाकतील, मग बघू."

"साहेब, उद्यापर्यंत मासे राहणार नाहीत."

"मासे आपल्या खात्यात येत नाहीत. तुम्ही दार बंद ठेवा."

भोंग्यानं बाहेर येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी बादली खाली ठेवली. "म्हणजे तेलानं मेल्या नाहीत तर हुकमानं मरणार." त्यांनी खाडीकडे पाहिलं. भरती चढत होती. पाणी वरून तरी नेहमीसारखंच दिसत होतं. "अजून आलेलं नाही. अर्धा तास पाणी घेते आणि बंद करते. तुम्ही ऐकलं नाहीत आणि पाहिलं नाहीत, जावईबापू. नोकरीचा माणूस तुम्ही."

"मी दुसरं टोक धरतो," भोंगा म्हणाला. हे आपल्या तोंडून कसं निघालं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

त्यांनी पाचर काढली, जोडफळी बाजूला केली आणि वरची फळी उचलली. खाडीचं पाणी फळीएवढ्या जाडीची धार धरून आत पडू लागलं. ताज्या पाण्याचा वास माद्यांना तलावभर कळला असावा. सगळ्या दाराकडे धावल्या, सर्वांत थोराड त्या सर्वांत पुढं, आणि धारेखाली तोंड वर करून घटाघटा पाणी घेऊ लागल्या. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. भोंगा हसत खाली वाकला, आणि त्याला त्या धारेवर रंग दिसला. निळा, जांभळा, पिवळसर. गॅरेजसमोरच्या डबक्यात दिसतो तसा.

"सासूबाई! फळी!"

त्यांनी फळी अशी दाणकन टाकली की त्यांचं बोट चेचलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पातळसा तवंग नेमका तिथंच उतरला होता जिथं माद्या तोंड वर करून उभ्या होत्या. वीस मिनिटांत पाच जणी आडव्या झाल्या. पहिली म्हातारी.

सासूबाई कंबरेएवढ्या पाण्यात उतरल्या. त्यांनी एकेक मादी दोन्ही हातांवर उचलून काठावर ठेवली, एका रांगेत. उरलेल्यांना बायकोनं जुन्या चादरीनं दारापासून लांब हाकललं. भोंगा मात्र जागचा हलला नाही. 'तुमच्या शब्दावर' हे दोनच शब्द त्याच्या डोक्यात घुमत होते. आपण सांगितलं, त्यांनी दार लावलं, म्हणून मासे गुदमरले, म्हणून त्यांना घाईनं उघडावं लागलं. कट्ट्यावरच्यांसारख्या त्याही हसल्या असत्या तर म्हातारी जिवंत असती, असं त्याला वाटलं. ते त्यानं बोलूनही दाखवलं.

"मूर्खासारखं बोलू नका," सासूबाई म्हणाल्या. त्या बांधावर बसल्या होत्या, चेचलेलं बोट दुसऱ्या मुठीत धरून, आणि टक लावून फळ्यांकडे बघत होत्या.  मग एकदम म्हणाल्या, "मी वरची काढली."

"हो, मग? नेहमी वरचीच..."

"नेहमी वरचीच. एकतीस वर्षं. वरचं पाणी स्वच्छ, खालचं गढूळ, खालची फळी हलवली की तलावात चिखल. सोसायटीच्या दोन पोरांना मी त्यावरून कामावरून काढलंय. आणि आज वर तेल आहे, खाली पाणी आहे. तेल वर तरंगतं हे मला कोणी शिकवायला हवं होतं? काल टरफलं टाकून मीच तुम्हाला शहाणपण शिकवलं. आणि आज हात गेला तो सवयीनं वरच."

त्यांचा आवाज कापला. भोंग्यानं त्यांना सोळा वर्षांत असं पाहिलं नव्हतं. पण ते एवढंच. पुढच्याच क्षणी त्या उठून दाराशी गेल्या आणि बोटांनी मापं घेऊ लागल्या.

"खालची एकटी फळी निघणार नाही, तिच्यावर दहा बसल्यात. मग सगळ्याच उचलायच्या. एकमेकींना उभ्या पट्ट्या ठोकून एक दार करायचं आणि अख्खं दार वर घ्यायचं. चार बोटं फट, जास्त नाही. वर दोन फळ्या वाढवायच्या, म्हणजे तेल डोक्यावरून यायचं नाही." त्यांनी खोलीच्या उघड्या दारातून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. "भरती सव्वाबाराला पूर्ण. त्यानंतर पाणी उतरायला लागेल आणि रात्रीपर्यंत या टिकणार नाहीत. सुतार हवा. ट्रक उचलायचे दोन जॅक हवेत. आणि माणसं."

भोंगा कर्णा घेऊन पळाला.

कट्ट्यावर तीच मंडळी होती, पण आज हसत नव्हती. धक्क्याच्या पायऱ्यांवर पाण्याच्या रेघेशी काळा, चिकट काठ उमटला होता आणि सगळे तिकडे बघत होते. कॅप्टननं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. भोंग्यानं कर्णा तोंडाला लावला आणि सवयीनं म्हणाला, "सूचना..." मग थांबला. पुढं वाचायला कागद नव्हता.

"सूचना नाही. मी सांगतोय," तो म्हणाला. कर्ण्यातून त्याचा स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "मावशीच्या पाच माद्या मेल्या. सतरा उरल्यात आणि गुदमरतायत. कचेरीनं दार उघडू नका म्हटलंय. आम्ही उघडणार आहोत. सुतार पाहिजे, लांब स्क्रू पाहिजेत, दोन जॅक पाहिजेत, आत्ता पाहिजेत. आणि ज्याला मला हसायचंय त्यानं उद्या हसावं."

 मग सुतार अर्धा चहा टाकून उठला. कॅप्टनही उठला. "गॅरेजवाला माझा मेहुणा आहे," तो म्हणाला. "दोन काय, चार जॅक आणतो. मागायचेही नाहीत, उचलूनच आणतो." आणि साठीचा तो माणूस चक्क धावत सुटला. त्याला धावताना पाहून अर्धं गाव काय झालं म्हणून मागोमाग आलं.

पुढचा तासभर बांधावर जे चाललं ते भोंगा नंतर आठवायचा तेव्हा त्याला फक्त सासूबाईंचा आवाज आठवायचा. सुतार तलावाच्या बाजूनं पाण्यात उभा राहून फळ्यांवर उभ्या पट्ट्या धरत होता आणि एकामागून एक स्क्रू पिळत होता. सर्वांत खालच्या दोन फळ्यांसाठी तो नाक धरून बुडी मारायचा, दोन पिळे द्यायचा, खोकत वर यायचा. दोन्ही बाजूंच्या दगडांवर जॅक बसले, त्यांवर आडवा वासा, वाशाला साखळ्या, साखळ्यांना दार. बायकांनी जुन्या गाद्या गुंडाळून खाडीच्या बाजूनं दोरीला बांधल्या, तेल थोडं तरी लांब राहावं म्हणून. एका जॅकवर कॅप्टन, दुसऱ्यावर भोंगा. आणि मधे बांधावर पालथ्या पडलेल्या सासूबाई, डोकं फळ्यांच्या पलीकडे काढून, काळ्या पाण्याकडे बघत.

"उचला. सावकाश. जावईबापू, तुमची बाजू मागं पडतेय. अहो, मागं पडतेय म्हणते. अहो, दार तिरकं होतंय... अरे गाढवा, दाब ना जोर लावून!"

सगळा बांध चिडीचूप झाला. सासूनं जावयाला गाढव म्हटल्याचं या गावात कोणी ऐकलं नव्हतं. बायकोनं तोंडाला हात लावला. भोंग्यानं मात्र आयुष्यात कुणाचं इतकं मनापासून ऐकलं नसेल. त्यानं सगळं अंग दांड्यावर टाकलं. एकतीस वर्षांची शिंपली आणि चिखल कडकड करत सुटले आणि दार वर आलं.

"बस! बस, हात काढा! अजून बोटभर उचललं तर वर भोवरा फिरेल आणि वरचं खाली ओढून नेईल. बस."

बाहेर फळ्यांना तेल लागलं होतं, दाट, डांबराच्या रंगाचं, आणि ते तिथंच थांबलं होतं. आत दाराच्या तळाशी पाणी उसळलं. गढूळ, चिखलाचं, ज्याच्या नावानं त्या बाईनं एकतीस वर्षं लोकांना झापलं होतं ते पाणी. ते तलावात पसरत गेलं.  वर तोंडं काढून उभ्या असलेल्या माद्यांपैकी एक खाली गेली. मग दोन. मग चुकचुक बंद झाली आणि तलावाच्या वर एकही तोंड दिसेना.

"मेल्या काय?" कॅप्टननं कुजबुजत विचारलं.

"तुझ्या तोंडात माती," सासूबाई म्हणाल्या. "श्वास घेतायत." आणि मग त्या तशाच पालथ्या पडलेल्या हसल्या, आणि हसता हसता रडल्या. ते पाहून सुतारही पाण्यात उभ्या उभ्या रडला. पाणी मुळात त्याच्या तोंडावर होतंच, त्यामुळे त्याला ते नाकबूल करायची सोय राहिली.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला खोलीतला फोन वाजला. भोंग्यानं उभं राहून तो घेतला. आता नोकरी गेलीच, तेव्हा वाक्यं तरी नीट बोलू, असं त्यानं ठरवलं होतं. साहेब आधी भरपूर ओरडले. भोंग्यानं फक्त हो म्हटलं, मीच उघडलं म्हटलं, सतरा जिवंत आहेत म्हटलं. तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग साहेब वेगळ्याच आवाजात म्हणाले, "सतरा? खरंच? तवंग खाली सरकतोय. पुढं किनाऱ्यावर अशीच सहा दारं आहेत. त्या सगळ्यांना मी बंदचाच हुकूम दिलाय. उद्या सकाळी भरती चढेल तेव्हा तवंग त्यांच्याकडे पोचेल. तुम्ही काय केलं ते लिहा आणि त्यांना फोन लावा. आजच."

भोंग्यानं खाटेवर बसून लिहिलं. लिहिणं हा त्याचा धंदा, झरझर लिहिलं. फळ्यांना पट्ट्या ठोका, वर दोन वाढवा, अख्खं दार चार बोटं उचला. शेवटी नुकसान या सदरात त्यानं लिहिलं, 'तेलामुळे पाच माद्या दगावल्या.'

"वाचून दाखवा," स्टोव्हजवळून सासूबाई म्हणाल्या. बोटाला चिंधी बांधलेली होती. त्यानं वाचलं. "शेवटचं चूक आहे. तेलामुळे नाही. दारवाल्या बाईनं सवयीनं वरची फळी काढली म्हणून. असं लिहा."

"सासूबाई, याची काय गरज? आज अख्खं गाव तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचायला तयार आहे. सतरा वाचवल्यात तुम्ही. एकतीस वर्षांत एक चूक झाली, ती कुठं सरकारी कागदावर घालता?"

"लिहा म्हटलं ना."

त्यानं लिहिलं नाही. त्याऐवजी फोन उचलला आणि पहिल्या दाराचा नंबर फिरवला. तिकडच्या दारावर पस्तीस वर्षं काढलेला एक म्हातारा होता. भोंग्यानं सगळं क्रमानं सांगितलं. म्हाताऱ्यानं मधेच त्याला तोडलं. त्याचा खणखणीत आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"कोण, कारकून का? बाळा, हे दार मी तुझ्या जन्माआधीपासून उघडतोय. दार उचला म्हणे! मासे वर आले की थोडं पाणी आत घ्यायचं आणि बंद करायचं, एवढं मला कळतं. ठेव फोन."

भोंग्याच्या हातातून फोन सासूबाईंनी कधी घेतला ते त्याला कळलंच नाही.

"मी वरच्या तलावावरची," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं झाली मला. मलाही कळत होतं सगळं. तेल वर असतं हेही कळत होतं. आज सकाळी माझे मासे वर आले, म्हणून मी थोडं पाणी आत घ्यायला गेले, आणि माझा हात वरच्या फळीवर गेला. डोक्याला विचारलंच नाही हातानं. पाच माद्या माझ्या समोर मेल्या. त्यातली एक मी सहांतून जगवलेली होती, एकोणीस वर्षं माझ्या हातून खाल्लंन तिनं. तेलानं नाही मारली. मी मारली. उद्या सकाळी तुमचाही हात तिथंच जाणार आहे."

 स्टोव्हवरचं पाणी उकळायला लागलं होतं, ते बायकोनं हळूच खाली उतरवलं. भोंग्यानं कागद पुढं ओढला आणि शेवटची ओळ खोडून सासूबाईंनी सांगितली तशी लिहिली. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं, कारण त्याला धड दिसत नव्हतं.

"बाई," म्हातारा शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज आता फक्त त्यांच्यापुरता होता, "जरा थांबा. चष्मा आणि कागद घेतो."